तुम्हीच आहात का?

हेडक्लार्कांच्या पदोन्नतीच्या अर्जाची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचला संपत होती. अकरा वर्षं ते त्याच खुर्चीत होते. सकाळी बायकोने विचारलं, "अहो, अर्ज भरलात का?"

"माझ्या ऑफिसच्या कामात नाक खुपसू नकोस!" डबा उचलत हेडक्लार्क गुरगुरले.

"बरं," बायको म्हणाली. हे 'बरं' साधं नव्हतं. पण तेवढं कळत असतं तर अकरा वर्षं एका खुर्चीत कशाला काढली असती!

साडेचारला त्यांनी संगणक उघडला. पासवर्ड बरोबर होता. पण संगणक विभागाच्या साहेबांनी, ज्यांना सगळे पाठीमागे कुलूपसाहेब म्हणत, महिन्यापूर्वी नवा नियम काढला होता: नुसत्या पासवर्डवर कोणालाही आत सोडायचं नाही. आधी ज्याच्या त्याच्या स्वतःच्या फोनवर प्रश्न येणार, 'तुम्हीच आहात का?' 'हो' दाबलं तरच खातं उघडणार. हेडक्लार्कांचा फोन जुना, बटणांचा. त्यांनी गुपचूप बायकोचा नंबर देऊन टाकला होता, आणि महिनाभर ती बिचारी घरून 'हो' दाबत होती.

आज पडद्यावर आलं: 'नाकारले.' पुन्हा केलं. पुन्हा 'नाकारले.' त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, फोनवर काही आलं का?"

"आलं की. दोनदा. मी 'नाही' दाबलं."

"का?"

"ऑफिसच्या कामात मी नाक खुपसत नाही."

"अगं, अर्ज राहिलाय! पाचला मुदत संपते!"

"सकाळी मी काय वेगळं विचारत होते?" तिने फोन ठेवला.

हेडक्लार्कांनी देवाचं नाव घेऊन तिसऱ्यांदा प्रयत्न केला. तिसरा नकार मिळताच कुलूपसाहेब खोलीतून धावत आले. "हल्ला! हेडक्लार्कांच्या खात्यावर हल्ला झालाय! सगळ्यांची खाती बंद करा!"

चाळीस माणसं हातावर हात ठेवून बसली. खरं सांगावं तर नियम मोडल्याबद्दल नोटीस, न सांगावं तर अर्ज बुडाला. हेडक्लार्क पाणी पीत राहिले. पाच वाजले तेव्हा त्यांना अक्षरशः रडू येत होतं.

तेवढ्यात कुलूपसाहेबांनी जाहीर केलं, "खाती बंद असल्यामुळे अर्जांना सोमवारी दुपारी बारापर्यंत मुदतवाढ! आणि हेडक्लार्कांचं अभिनंदन. चोराला तीनदा 'नाही' म्हणणारा असा सावध माणूस ऑफिसात दुसरा नाही!" टाळ्या पडल्या. हेडक्लार्कांचा जीव भांड्यात पडला.

शनिवार-रविवार घरात कोणी कोणाशी बोललं नाही. सोमवारी पावणेबाराला त्यांनी पासवर्ड टाकला आणि घाईघाईने घरी फोन लावला.

"आलं का गं?"

"आलंय. 'तुम्हीच आहात का?' म्हणून विचारतोय."

"मीच आहे! दाब 'हो'."

"असं कोणीही म्हणेल. शुक्रवारी चूक कोणाची होती, सांगा."

हेडक्लार्कांनी इकडेतिकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. अकरा वर्षं डोळ्यांसमोर आली.

"माझी," ते म्हणाले. "चूक माझीच होती. तुझं बरोबर होतं."

"आमचे हे असं जन्मात बोलायचे नाहीत," बायको म्हणाली आणि तिने 'नाही' दाबलं.