गुळण्यांबद्दल मनःपूर्वक आभार

या दिवाळीत अख्खी इमारत आपल्या प्रेमात पडणार, याबद्दल चैतालीला तिळमात्र शंका नव्हती!

चैताली मूळची अकोल्याची. भौतिकशास्त्रात एम.एस्सी., नोकरी हडपसरच्या एका प्रयोगशाळेत वजनकाटे तपासण्याची आणि मुक्काम बिबवेवाडीत, दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत. सणासुदीला लोकांचे लेखी आभार मानले की मानणाऱ्यालाच बरं वाटतं, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. आणि वाचलेलं करून पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

"तोंडी मान. लिहू नकोस," ऑफिसातल्या नम्रतानं बजावलं. नम्रता पाच पिढ्यांची पुणेकर. "पुण्यात दारावर कागद दिसला की माणूस आधी चष्मा लावतो आणि मग चिडतो."

"अगं, आभार मानल्यावर कोण चिडेल?"

"तू नवीन आहेस," एवढं बोलून नम्रतानं डबा उघडला.

दिवाळीसाठी गावी जायच्या आदल्या संध्याकाळी चैतालीनं तीन चिठ्ठ्या लिहिल्या. पहिली शेजारच्या बाबुरावांना. बाबुराव रोज पहाटे अशा गुळण्या करत, की वाटावं खडकवासल्याचे दरवाजेच उघडले! चैतालीचं तेच घड्याळ. मोबाइलचा गजर आपण झोपेतच बंद करतो, हे तिनं स्वतःवर प्रयोग करून सिद्ध केलं होतं. गुळण्या मात्र बंद करता येत नव्हत्या. तिनं मोजूनमापून लिहिलं:

"आदरणीय काका, गेल्या ११० दिवसांपैकी १०७ दिवस मला आपल्या गुळण्यांनी जाग आली. सरासरी वेळ ५.३२, कालावधी चार मिनिटे. (उरलेले तीन दिवस आपण परगावी होतात.) मनःपूर्वक आभार. कृपया यात खंड पडू देऊ नये."

दुसरी त्यांच्या पत्नीला, हिराकाकूंना: "आपल्या तळणाचा वास आठवडाभर माझ्या खोलीत येतो आहे. त्या वासावर मी कोरडी पोळीही खाते. आभार."

तिसरी सोसायटीचे सेक्रेटरी सुदर्शन यांना: "मी आल्यापासून लिफ्ट फक्त एकोणीस वेळा बंद पडली. आभार." हेही अगदी मनापासून! आधीच्या इमारतीत लिफ्ट सुरू असलेली तिनं कधी पाहिलीच नव्हती.

कागद ज्यांच्या त्यांच्या दारावर चिकटवले, बॅग भरली. सकाळी सात पाचची गाडी. दोन महिने आधी काढलेलं, खिडकीजवळचं तिकीट. साडेतीन महिन्यांत आईचं तोंड पाहिलं नव्हतं. पहाटे गुळण्या होतील, आपण उठू, रात्रीच्या पंगतीला घरी! चैताली समाधानानं झोपली.

जाग आली ती आईच्या फोननं.

"काहून वं, दौंड गेलं का?"

चैतालीनं घड्याळ पाहिलं. आठ वीस!

ती तशीच बाहेर धावली. बाबुराव दारात पेपर वाचत उभे होते.

"काका! आज गुळण्या?"

"बंद केल्या."

"का?"

"अर्ज आला ना आपला! बेसिनपाशी निमूट चूळ भरली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा."

"अहो, ते आभार होते!"

"हो, वाचता येतं आम्हाला."

"खरे आभार, काका! माझी गाडी चुकली!" आणि चैताली जिन्याच्या पायरीवर बसून भोकाड पसरती झाली.

बाबुरावांनी चष्मा काढला. "खरे? मग त्यात आकडे कशाला?"

"पुरावा म्हणून."

"पुरावा पोलिसांत देतात, बाई! आणि वर 'कृपया'! कागदावर 'कृपया' दिसलं की आम्ही भांडणाच्या तयारीला लागतो."

आतून हिराकाकू झारा घेऊनच आल्या. "म्हणजे माझ्या तळणाचंही खरंच? अगं, कालपासून खिडक्या लावून अनारसे तळतेय! निथळले घामानं! हवे होते तर सरळ मागायचे ना!" त्यांनी तिच्या हातात चार अनारसे कोंबले आणि जरा नरमल्या. "रडू नकोस. माझा भाचा चेतन उद्या गाडी घेऊन नागपूरला निघतोय. अकोल्याला सोडेल. पण सहाला निघणार हं. उठशील ना?"

दोघींनी बाबुरावांकडे पाहिलं.

बाबुरावांनी घसा साफ केला. "जबाबदारी माझी."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ते तांब्या आणि बादली घेऊन थेट तिच्या दाराशी उभे राहिले, आणि असा काही सूर लावला की तिसऱ्या मजल्यावरचं बाळ, खालचं कुत्रं आणि बंद पडलेली लिफ्ट, तिन्ही एकदम सुरू झाली! त्या रात्री चैताली आईच्या हातचं जेवली.

भाऊबीज करून ती परतली, तर बाबुरावांच्या दारावर तिची चिठ्ठी चक्क फ्रेममध्ये! 'कृपया यात खंड पडू देऊ नये' या ओळीखाली लाल रेघ आणि त्याखाली बाबुरावांचं अक्षर: "पंचवीस वर्षांपासूनच्या सर्व तक्रारदारांनी नोंद घ्यावी."

तिच्या स्वतःच्या दारावरही एक कागद होता. सेक्रेटरी सुदर्शन यांचा.

"चैतालीताई, आपल्या कृपेने आता सर्व इमारत पहाटे पाचला उठते. मनःपूर्वक आभार."

चैतालीनं आधी चष्मा लावला.