एका गाईचे गायरान

खंडूआबांनी मला पहिल्याच भेटीत अडवले. कुसगावच्या मागच्या डोंगरावर, पायवाटेत करवंदीची काटेरी फांदी आडवी टाकून ते बसले होते.

"पुढं रान बंद हाय. गुरांची पाळी खालच्या अंगाला."

"गुरं कुठं आहेत?"

त्यांनी मागे बोट केले. तिथे एकच गाय होती. चांदी.

सारा डोंगर त्या एकट्या गाईला. तरी आबांनी त्याचे तीन भाग पाडलेले. एक चरायला, एक विसाव्याला, एक उन्हाळ्यासाठी राखलेला. राखलेल्या भागात गवत कमरेएवढे. चांदीने तिकडे मान वळवली की आबा खेकसायचे, "ए भवाने, गावानं ठरवलंय न्हवं?"

गाव राहिलेच नव्हते. धरणाचे पाणी डोंगराखालच्या त्यांच्या वाडीवर चढले आणि माणसे गुरे घेऊन कामशेतपलीकडे गेली. मी धरणाविरुद्ध पत्रके वाटत हिंडायचो. विजेचे दिवे मुंबईत लागले आणि चुली इथल्या विझल्या, हे माझे ठरलेले वाक्य. आबा ऐकून घेत आणि म्हणत, "लय बोलतोस रं. जरा काटं लावाय हात लाव."

पूर्वी पाडव्याला पंच बसून चराईच्या पाळ्या ठरवत. आता आबा एकटेच आंब्याखाली बसत आणि ठराव मंजूर करत.

"आबा, विरोधात कोण?"

"ही चांदी. हिचं दरसाली त्येच."

"पण एवढं राखता कुणासाठी?"

"येतील की माघारी. खरवडलेल्या रानात त्यांची गुरं उभी करायची व्हय?"

माघात वाडीतला गणपा आला, डोंगरावरच्या देवाला नारळ फोडायला. आबांनी त्याला बसही म्हटले नाही. "तांबडी कशी हाय? शिंगमोडी व्याली का?"

गणपा पायांकडे बघत म्हणाला, "गुरं इकली, आबा. तिकडं चाराय जागा कुटंय? समद्यांनीच इकली."

तो उतरून गेल्यावर आबा उठले. राखलेल्या रानाच्या तोंडचे काटे त्यांनी ओढून बाजूला केले.

"जा गं. खा."

चांदी जागची हलेना.

मी अन्यायाबद्दल काहीतरी बोलू लागलो. त्यांनी मध्येच विचारले, "तुज्या घरी गाय हाय?"

"नाही आबा. लोणावळ्यात आमच्याकडे रतिबाचं दूध येतं."

त्यांनी कमरेएवढ्या गवताकडे पाहिले.

"नसू दे," ते म्हणाले. "तू नुसता येत जा."