आमची पहिली पसंती आणि देऊ

फुटबॉलची टीम कशी बांधावी हे बदलापूर पूर्वेला माझ्याइतकं कुणाला कळत नाही, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी स्वतः कधी खेळलेलो नाही. पण म्हशीची पारख करणारा माणूस काय स्वतः दूध देतो? मी चिंतामणी, एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर. कुठल्या रॅकला काय कमी आहे हे बघणं हा माझा धंदा. आणि एक्याण्णव साली आमच्या शिरगावच्या टीमला काय कमी आहे हे आंधळ्यालाही दिसत होतं. गोलकीपर. आमचा जुना गोलकीपर नोकरी लागून वापीला गेला होता आणि गोलपोस्ट उघडी पडली होती, दार नसलेल्या संडासासारखी.

हे न दिसणारा अख्ख्या शिरगावात एकच माणूस होता. धर्मराज. माझा शाळेपासूनचा मित्र, शेजारी, आणि त्या महिन्यात माझा सर्वांत मोठा शत्रू.

"फॉरवर्ड पाहिजे," धर्मा म्हणायचा. "गेल्या वर्षी सात मॅचमध्ये आपले गोल किती? दोन. त्यातला एक समोरच्या टीमच्याच बॅकने मारला."

"आणि खाल्ले किती? एकतीस. ते कोण अडवणार, तुझा फॉरवर्ड?"

"आपण बत्तीस मारले तर एकतीस खाऊन काय बिघडलं?"

अशा माणसाशी बोलायचं तरी काय? तरी मी तीन आठवडे बोललो.

आता आमच्या लीगची पद्धत सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर आणि आसपासची गावं मिळून आठ टीम होत्या. आधी ज्याचा हात लांब तो चांगला खेळाडू पळवायचा आणि मैदानाबाहेर मारामाऱ्या व्हायच्या. म्हणून लीगच्या सेक्रेटरींनी, ते निवृत्त पी.टी.चे मास्तर होते, नियम केला. कुठल्याच टीमचा नसलेल्या आठ खेळाडूंची यादी लावायची आणि प्रत्येक टीमने त्यातला एक उचलायचा. गेल्या वर्षी जी टीम शेवटी आली, तिला पहिली संधी. म्हणजे आम्हाला. पण सलग दोन वर्षं जो शेवटी येईल त्याचं नाव लीगमधून कायमचं काढणार, हाही नियम त्यांचाच. तेव्हा ही एक निवड म्हणजे शिरगावचं जगणं-मरणं होतं.

यादीत दोनच नावं घेण्यासारखी होती. बारवी धरणाकडचा धाकलू, हा गोलकीपर. त्याचे हात सुपाएवढे. आणि उल्हासनगर कॅम्प चारचा परसो, हा फॉरवर्ड. बापाचं जीन्स शिवायचं दुकान, पायात झगमगीत बूट, आणि धावायला लागला की पकडायला रिक्षा लागावी. माझा धाकलू, धर्माचा परसो.

आमची भांडणं व्हायची बाळाजीमामांच्या पिठाच्या गिरणीत. मामा टीमचे मॅनेजर आणि क्लबचं ऑफिस म्हणजे गिरणीतला एक बाक. एका दुपारी आमचा आवाज चक्कीच्या वर गेला, मामा आम्हाला गप्प करायला वळले आणि त्या नादात त्यांनी कौसाबाईंचे तांदूळ दुसऱ्या कुणाच्या गव्हात ओतले. कौसाबाई हातातला रिकामा डबा आपटून म्हणाल्या, "आता मी याच्या भाकरी थापू की खळ करून पोस्टर चिकटवू?" आणि पुढच्या दळणाला त्या समोरच्या गिरणीत गेल्या.

मामा आमच्याकडे बघत राहिले. त्यांच्या भुवया पिठाने पांढऱ्या आणि खालचे डोळे लाल होते.

"रविवारी अंबरनाथला निवड आहे," ते म्हणाले. "माझी मोटर जळलीय, ती गुंडाळून घ्यायला मी वायंडरकडे बसणार. तुम्ही दोघं जा. वाटेत काय भांडायचं ते भांडा, पण हॉलमध्ये शिरताना तोंडात एकच नाव असलं पाहिजे. राहिलेली जागा मी गावातून कुणाला तरी उभा करून भरीन. एक भोक मला बुजवता येईल. दोन नाही. कळलं?"

"कळलं," आम्ही दोघं एकदम म्हणालो. त्या महिन्यातलं ते आमचं एकमेव एकमत.

रविवारी सकाळी निघताना माझी बायको सुहासिनी म्हणाली, "अहो, धर्मराजभाऊजींचं ऐका तरी एकदा."

"का?"

"तुमचंच ऐकून मी गेल्या वर्षी तो पाण्याचा फिल्टर घेतला."

तो फिल्टर बंद पडून कोपऱ्यात उभा होता. मी चपला घातल्या. म्हणजे मी घरातूनच तापून निघालो, हे लक्षात घ्या.

अंबरनाथला एका शाळेच्या हॉलमध्ये सगळे जमले होते. समोर टेबल, टेबलामागे मास्तर, त्यांच्या गळ्यात शिट्टी. भिंतीशी बाकावर यादीतले आठही खेळाडू लग्नाच्या मुलींसारखे बसवलेले. धाकलू हात मांडीवर ठेवून बसला होता. परसो बूट पुसत होता. टोकाला एक काळा, बुटका, अनवाणी माणूस होता, त्याच्याकडे मी नीट पाहिलंही नाही.

"शिरगाव," मास्तर म्हणाले. "पहिली पसंती. दोन मिनिटं. दोन मिनिटांत नाव आलं नाही तर तुमची पाळी सगळ्यांत शेवटी."

मी उठलो. धर्माही उठला.

"धाकलू," मी म्हणालो.

"परसो," धर्मा म्हणाला.

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. मी धर्माचा दंड धरून त्याला बाजूला घेतलं.

"काल गटारावर बसून तू हो म्हणालास."

"मी 'बघू' म्हणालो. बघितलं. परसोच पाहिजे."

"धर्मा, लाज आणू नकोस. मामांना काय सांगणार?"

"तू सांग. गिरणीत जास्त बडबड तुझीच असते. तुझ्यापायी त्या बाईचं दळण बिघडलं."

"माझ्यापायी? बत्तीस गोल मारायच्या गोष्टी कोण करत होतं?"

"आणि तुला रे काय कळतं फुटबॉलमधलं? शाळेत तुला लाइनवर झेंडा धरायला उभा केला, तर तू सावली बघून झाडाखाली गेलास."

हे त्याने आठ टीमसमोर म्हणायला नको होतं. मग मीही त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगितली, सहावीतली, ती इथं छापता येणार नाही. त्याने माझी कॉलर धरली. मी त्याच्या शर्टाचा खिसा धरला आणि तो माझ्या हातात आला. बाकावरून परसो ओरडला, "अरे साईं, झगडा मत करो, मेरे को कोई भी ले लो, मी कुठेपण खेळतो." पण ऐकायला कोणाला वेळ होता?

मास्तरांनी शिट्टी मारली.

"वेळ संपली. शिरगाव शेवटी. बसा खाली."

जांभूळ गावच्या टीमने धाकलूला उचललं. अंबरनाथच्या टीमने परसोला उचललं. मग एकेक नाव जात गेलं. आम्ही एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून बघत होतो, माझ्या हातात अजून धर्माचा खिसा. शेवटी बाकावर तो अनवाणी माणूस तेवढा राहिला.

"देऊ. वाडीवरचा. बॅक," मास्तरांनी यादीवरून वाचलं. "शिरगावला देऊ."

बॅक! आमच्याकडे आधीच चार बॅक होते. तांदूळ संपलेत म्हणून दुकानात जावं आणि मीठ घेऊन यावं, तसं झालं.

परतीच्या टेम्पोत मागे आम्ही तिघं होतो. मी आणि धर्मा एकमेकांकडे पाठ करून, आणि मध्ये देऊ. त्याने एकदा काही बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात धर्मा म्हणाला, "हे सगळं तुझ्यामुळे," आणि मी म्हणालो, "माझ्यामुळे?" आणि मग थेट शिरगाव येईपर्यंत देऊला संधी मिळाली नाही.

मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मोटर दुरुस्त होऊन आली होती, ती त्यांनी जागेवर बसवली.

"गोलकीपर नाही," ते म्हणाले. "फॉरवर्ड नाही."

"नाही," आम्ही म्हणालो.

"ठीक. चिंतामणी, तुला गोलकीपरचं सगळं कळतं ना? पहिल्या मॅचला गोलात तू. धर्मराज, तू फॉरवर्ड."

मला वाटलं मामा चिडून बोलतायत, रात्रीपर्यंत निवळतील. पण सोमवारी त्यांनी लीगकडे आमची नावं लिहून पाठवली. मी त्यांना माझं वय सांगितलं, बेचाळीस. ते म्हणाले, "मला माहीत आहे. तुझ्या बारशाच्या घुगऱ्या मी खाल्ल्यात."

पहिली मॅच जांभूळशी होती. मैदानाभोवती अख्खं शिरगाव उभं होतं. सुहासिनी आली होती, समोरच्या गिरणीचा मालक आला होता, कौसाबाईसुद्धा आल्या होत्या. मी जुन्या गोलकीपरची जर्सी घातली. तो सहा फुटी असल्यामुळे ती माझ्या गुडघ्यापर्यंत आली. लांबून मी परकर नेसल्यासारखा दिसत होतो, असं मला नंतर तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं.

पहिला गोल मला दिसलाच नाही. दुसरा दिसला, पण उशिरा. तिसऱ्याला मी उडी मारली, उजवीकडे, आणि चेंडू डावीकडून हळूहळू चालत गेला. चौथा माझ्या पोटाला लागून आत गेला, आणि मी त्याच्या मागोमाग. प्रत्येक वेळी चेंडू जाळीतून काढताना मला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला धर्मा दिसायचा. तो धावत नव्हता, कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा होता. एकदाच चेंडू त्याच्या पायाशी आला. समोर धाकलू एकटा. धर्माने पाय उगारला, पण पाय चेंडूवर न बसता जमिनीवर बसला आणि धर्मा त्याच्यापाठोपाठ. धाकलूने येऊन आधी चेंडू उचलला, मग धर्माला.

अर्धा वेळ झाला तेव्हा पाच-शून्य. माझं बोट मुरगळून केळफुलासारखं सुजलं होतं. मी मामांसमोर ते धरलं. लाज बाजूला ठेवून सांगतो, त्या बोटाचा मला आनंद झाला होता.

"आता गोलात कोण?" मामा म्हणाले. "असेच दहा-बारा खाल्ले तर गेलो आपण. माझ्या बापाने काढलाय हा क्लब."

तेव्हा मला माझा राग येऊ लागला. इतके दिवस तो दुसऱ्यांवर काढण्यात मी गुंतलो होतो, म्हणून स्वतःपर्यंत पोचलाच नव्हता.

मागून कोणीतरी म्हणालं, "मी उभा ऱ्हाऊ?"

देऊ होता. राखीव म्हणून सगळा वेळ गवतावर बसलेला.

"तू बॅक ना?" मामा म्हणाले.

"ते मास्तरांनी लिवलं. मी गोलातच ऱ्हातो. आमच्या वाडीवर भात कापलं की खाचरात खेळतो आमी."

जर्सी त्याच्या घोट्यापर्यंत आली. ती त्याने वर खोचली, धोतरासारखी, आणि अनवाणीच जाऊन उभा राहिला. पुढच्या अर्ध्या तासात जांभूळने नऊ वेळा गोलावर मारलं. देऊने नऊच्या नऊ काढले. उडी मारताना तो आवाज करत नव्हता, पडताना करत नव्हता. चेंडू धरायचा, मातीत दोनदा घासायचा आणि हाताने अर्ध्या मैदानापर्यंत फेकायचा. मैदानाभोवतीचे लोक आधी गप्प झाले आणि मग एवढे ओरडायला लागले की पंच म्हणून आलेल्या मास्तरांची शिट्टी ऐकू येईना. आम्ही पाच-शून्यने हरलो, पण शिरगाव नाचत घरी गेलं.

मी आणि धर्माने देऊला गाठलं. मी खरंच चिडलो होतो.

"अरे, तू गोलकीपर आहेस हे त्याच दिवशी बोलला का नाहीस?"

देऊ पायावरची माती झाडत होता.

"कवा बोलू? तुमी दोगं बोलत हुतात."

त्या वर्षी आम्ही पाचवे आलो. नाव राहिलं. मामांनी गावातूनच एक फॉरवर्ड शोधला, देऊने गोल सांभाळला, आणि आम्हा दोघांना पुन्हा मैदानात उतरायची वेळ आली नाही. धर्माशी माझा अबोला दोन आठवडे टिकला. मग सुहासिनीने त्याच्या शर्टाला खिसा शिवून दिला आणि आम्ही पुन्हा गिरणीतल्या बाकावर बसायला लागलो.

तिथे कुणीतरी देऊचं कौतुक केलं, तेव्हा मी सहज म्हणालो, की टीमला गोलकीपर पाहिजे हे मी पहिल्यापासून सांगत होतो, म्हणजे देऊ ही माझीच निवड. धर्मा म्हणाला, तो अडून बसला नसता तर मी धाकलूला उचललं असतं आणि देऊ आलाच नसता, म्हणजे ती त्याची निवड. मी म्हणालो, भांडणाला दोघं लागतात. तो म्हणाला, पण कॉलर कोणी धरली? मामांनी चक्की बंद केली आणि आम्हाला बाहेर काढलं.

तेव्हापासून हा वाद समोरच्या टपरीवर चालतो. परवा देऊ स्वतःच तिथे चहा प्यायला आला. मी म्हटलं, आता निकाल लागूनच जाऊ दे.

"देऊ, खरं सांग. तुला निवडलं कोणी? मी की याने?"

देऊने बशीतला चहा संपवला, बशी पालथी ठेवली.

"कुनीच न्हाय," तो म्हणाला. "मी उरलो हुतो."

आणि निघून गेला. धर्माचं म्हणणं आहे की हा टोमणा मला होता. मला ते साफ अमान्य आहे.