गवसणीवरचं नाव

आमच्या हायस्कुलाच्या संगीत मंडळाला माझ्यासारखा चिटणीस पूर्वी मिळाला नव्हता आणि पुढेही मिळणार नाही, असं एकोणीसशे एकतीस साली माझं ठाम मत होतं! मंडळात आम्ही नऊ जण, एक तबला, एक पेटी, आणि ती पेटी वाजवणारा मी. चिटणीस झाल्याबरोबर बहिणीच्या मागे लागून पेटीच्या गवसणीवर लाल दोऱ्याने भरून घेतलं, "संगीत मंडळ. चिटणीस, रामचंद्र." माझं नाव जरा ठळक झालं, त्यामुळे शाळेच्या नावाला जागा उरली नाही. असो!

खरा गाणारा मात्र एकच होता. हिरामण, रेवदंड्याच्या कोळीवाड्यातला. त्याला मंडळात घ्यायला आमचे गायनमास्तर दिनानाथराव नाखूशच होते. "गळा देवाने दिलाय, शिस्त मी लावीन," ते त्याला म्हणाले होते. "एक तक्रार आली की नाव कमी!" हिरामणला त्या मंडळापलीकडे शाळेत दुसरं काही गोड लागत नव्हतं. पहाटे बापाबरोबर होडीवर जाऊन तो भिजल्या केसांनी तालमीला यायचा, पण कधी उशीर नाही.

दिवाळीच्या तोंडावर पुण्याहून इन्स्पेक्टरसाहेब येणार असं ठरलं. आम्ही स्वागतगीत बसवलं. आणि आदल्या दिवशी पेटीने दगा दिला! पावसाळाभर दमट कपाटात राहिलेली ती. पट्टी दाबली की वर यायलाच तयार नाही.

"मास्तर, तुम्ही घोर लावून घेऊ नका," मी म्हटलं. "वाद्यातलं मला कळतं. एक दिवस कडक ऊन दाखवतो, नव्यासारखी होते की नाही बघा!"

पण कडक ऊन आणायचं कुठून? आमच्या घराभोवती नारळी-पोफळी इतक्या दाट, की अंगणात उन्हाचे नुसते ठिपके. गावात दिवसभर ऊन मिळणारी जागा एकच, कोळीवाड्यातलं खळं. शेणाने सारवलेली मोकळी जागा, आणि तिच्यावर वाळत घातलेला जवळा, म्हणजे ती बारीक कोलंबी. हिरामण अजून होडीवरून परतला नव्हता. त्याची आई येसूबाई जवळा हलवत होती.

"ठेव की बाबा," ती म्हणाली. "पर त्या तिकडं आडोशाला ठेव, वारा सुटलाय. आनि झाकन उगडू नको. जवला लय हलका, उडून आत जाईल."

आता ही बाई मला पेटीतलं शिकवणार! मी गवसणी बाजूला भिरकावली, झाकण सताड उघडलं, आणि आतूनही वाळावी म्हणून तासभर दणादण भाता मारत बसलो. मागून वारा, पुढून भाता. संध्याकाळी पट्ट्या टकाटक वर आल्या! मी झाकण लावलं, पेटी डोक्यावर घेतली आणि विजयी मुद्रेने घरी आलो. वास? अहो, आमच्या गावच्या नाकाला जवळ्याचा वास म्हणजे नुसती हवा. पुण्याचं नाक वेगळं असतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब पहिल्या रांगेत, गळ्यात झेंडूचा हार. हिरामणने पहिली ओळ घेतली आणि सगळं सभागृह गप्प झालं! साहेबांनी डोळे मिटले. दिनानाथरावांनी मान डोलावली, तीसुद्धा हिरामणकडे बघून! मला चेव आला. मी भाता पूर्ण उघडला आणि दाबला.

पेटी खोकली! पट्ट्यांच्या फटींतून भुकटी उडाली आणि तिच्यामागोमाग जवळा! काही साहेबांच्या हारावर, काही मिशीवर. तबलजी नामा शिंकला. खिडकीतून एक मांजर आत आलं आणि सरळ पेटीवर चढलं!

"हा कसला वास?" साहेबांनी रुमाल काढला.

दिनानाथरावांनी पेटीकडे पाहिलं नाही. हिरामणकडे पाहिलं.

"पेटीत हे कोणी घातलं ते विचारायलाच नको! ह्याच्यासाठी घेतला होता तुला मंडळात?"

"मास्तर, मी न्हाय..."

"वर उलट बोलतोस? नाव कमी! चालता हो!"

हिरामणने माझ्याकडे एकदा बघितलं. मला बोलायला पुष्कळ वेळ होता. मी मांजर हाकलत बसलो! तो खाली मान घालून बाहेर गेला, गाणं अर्धंच राहिलं. पुढचे दोन दिवस मी "आज सांगतो" म्हणत शाळेत जायचो आणि न सांगता परत यायचो. जेवण जाईना. मला माझी लाज वाटत होती, आणि तरी तोंड उघडत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी येसूबाई शाळेत आली. हिरामणने घरी चकार शब्द काढला नव्हता. तिच्या हातात धुऊन, वाळवून, नीट घडी घातलेलं कापड होतं.

"त्या पेटीवाल्या पोराचं हाय," ती हेडमास्तरांना म्हणाली. "खल्यावर इसरून गेला. सांगितलं व्हतं झाकन उगडू नको म्हनून. माजा निम्मा जवला पेटीत गेला जी!"

हेडमास्तरांनी घडी उलगडली आणि सगळ्या वर्गासमोर मोठ्याने वाचलं, "चिटणीस, रामचंद्र."

हिरामण मंडळात परत आला. दिनानाथरावांनी त्याची सगळ्यांदेखत माफी मागितली. माझं चिटणीसपद गेलं, आणि आठवडाभर मी बहिणीच्या केसांच्या आकड्याने पेटीतून जवळा उकरत बसलो.

"तुला ठाऊक होतं?" मी हिरामणला विचारलं.

"व्हय. आयेनं त्याच सांजेला सांगितलं व्हतं, पेटी तू खल्यावर वाळत घातलीस म्हनून."

"मग बोलला का नाहीस?"

"म्हटलं तू सांगशील. तू चिटनीस ना!"

यापेक्षा त्याने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं!

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. गवसणीवरचा लाल दोरा मी स्वतः उसवून काढला, पण सुईची भोकं राहिली. उन्हात धरली की माझं नाव स्पष्ट वाचता येतं. म्हणून मंडळाच्या संमेलनाला मी दरवर्षी न चुकता हजर राहतो. प्रेम वगैरे आहेच, पण मुख्य म्हणजे ती गवसणी कोणी उन्हात धरत नाही ना, त्यावर नजर ठेवायला!