वरची कवळी आणि घरचं चीज

चीज स्प्रेड विकत आणणारी माणसं आळशी असतात, असं कवळीवाल्यांनी शनिवारी सकाळीच जाहीर करून टाकलं. दातांच्या कवळ्या करण्यात त्यांची हयात गेली होती. मेण, प्लास्टर आणि लोकांचे जबडे वठणीवर आणणाऱ्या माणसाला दुधाची काय भीती!

"अहो, मी डबी आणते ना दुकानातून," बायको म्हणाली.

"डॉक्टरांना विकतचं? आणि तेही आज?"

आज मोठ्या दवाखान्याचे दातांचे डॉक्टर घरी येणार होते. दवाखान्याच्या सगळ्या कवळ्यांचं काम कुणाला द्यायचं ते त्यांना ठरवायचं होतं. कवळीवाल्यांनी बोलून ठेवलं होतं, "माझी कवळी लावून आमच्या सासूबाई कच्चं गाजर कडाकडा फोडतात! या, बघाच!" सासूबाईंना गाजर फोडताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण कवळी आपण केलीय म्हटल्यावर फोडतच असणार. आता पाहुण्यांपुढे नुसतं गाजर कसं ठेवायचं? म्हणून हा चीज स्प्रेडचा घाट.

दूध व्हिनेगर घालून फाडलं, फडक्यात पिळलं, लोणी आणि किसलेलं चीज घालून मिक्सरमधून फिरवलं. इथवर सगळं सुरळीत. मग त्यांनी धंद्यातली परीक्षा लावली. प्लास्टर नीट कालवलं असेल तर वाडगं उलटं केलं तरी पडत नाही. त्यांनी वाडगं उलटं केलं. निम्मं स्प्रेड त्यांच्या पायावर आलं.

"प्लास्टर आहे का ते?" बायको ओरडली.

"पदार्थ कुठलाही असो, पकड पाहिजे!"

उरलेल्यात त्यांनी गुपचूप कॉर्नफ्लोअर कालवलं, शिजवलं आणि ते आंघोळीला गेले. बायकोने झाकण काढून पाहिलं. गरम होतं, त्यामुळे पातळच दिसत होतं. नवऱ्याची चारचौघांत शोभा नको म्हणून तिनेही गुपचूप कॉर्नफ्लोअर घालून पुन्हा शिजवलं. नवराबायकोने एकमेकांना सांभाळून घ्यावं ते असं!

संध्याकाळी वाडगं उलटं केलं. काही पडलं नाही. हलवलं, तरी नाही. कवळीवाले धन्य झाले.

डॉक्टर आले, सासूबाई आल्या. डॉक्टरांनी गाजराला बगल देऊन काकडीची फोड बुडवली. बाहेर अर्धीच आली. सासूबाईंनी चमचाभर स्प्रेड नुसतंच तोंडात घातलं आणि उंबऱ्यापासून अखंड चाललेली त्यांची बडबड एकदम बंद पडली.

"आई, कसं झालंय?" कवळीवाल्यांनी विचारलं.

सासूबाईंचा जबडा डावीकडे गेला, उजवीकडे गेला, डोळे मोठे झाले.

"तुम्ही काही बोललात का आईला?" बायको कुजबुजली.

"मी? मी दिवसभर पातेल्यापाशी!"

"कवळी बोचत असणार," डॉक्टरांनी चष्मा चढवला.

कवळीवाले घाईने मध्ये पडले. "छे हो! त्या मुळातच अबोल!"

सासूबाईंनी जावयाकडे असं पाहिलं की ते पाणी आणायला पळाले. दोन घोट पिऊन सासूबाईंनी ताटातलं सगळ्यात जाड गाजर उचललं. कडाड! मग मुळा. कडाड!

"कमाल!" डॉक्टर उभेच राहिले. "काय पकड आहे! काम तुमचंच!"

"आई, सांगा ना डॉक्टरांना," कवळीवाले फुलून म्हणाले.

"काय सांगू!" सासूबाईंना वाचा फुटली. "जावईबापू, तुम्ही दिल्या दिवसापासून ही वरची कवळी खाली उतरते. केळं खाताना सुद्धा बोटाने धरावी लागायची. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले. आज पहिल्यांदा जागेवर बसली बघा! स्प्रेडला चव काही नाही हो. पण मला डबा भरून द्या, रोज लावून बसवीन."

डॉक्टर खाली बसले. कामाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. निघताना मात्र दाराशी घुटमळले.

"एक डबी मलाही द्याल? माझीही वरची जरा सैल आहे. काम आपलं आमच्या सध्याच्याच कारागिराकडे राहू दे. तुम्ही हे तेवढं पाठवत जा."

तेव्हापासून कवळीवाले दर शनिवारी दूध फाडतात. कॉर्नफ्लोअर अजूनही दोघं वेगवेगळं घालतात, फक्त आता एकमेकांना सांगून.