सप्टेंबरातली ऊब

त्या गुरुवारी मी फक्त एक बटण दाबलं. पुढचं सगळं त्या बटणाने केलं, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावून पाहिलं; पण मी काही इतका भोळा नाही.

इंग्लंडच्या उत्तर टोकाला, आमच्या नॉर्थम्बरलंडमध्ये, ऑक्टोबरअखेरीस हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे करेपर्यंत घरातलं हीटिंग लावत नाहीत. तसा कायदा नाही. कायदा असता तर पळवाट काढली असती. हा अब्रूचा प्रश्न आहे. थंडी वाजली तर स्वेटर घालायचा, त्यावर दुसरा घालायचा, आणि दात वाजू न देता 'आज हवा छान आहे' म्हणायचं. माझी बायको ऑड्री या बाबतीत फार कडक. मी तिच्याहून कडक, निदान चारचौघांत. गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच म्हाताऱ्या मॅटीच्या खिडक्यांवर वाफ दिसली, तेव्हा मी गावच्या क्लबात सगळ्यांदेखत विचारलं होतं, "काय मॅटी, घरात केळी पिकवताय वाटतं?" सगळा क्लब हसला होता. (माझ्या विनोदाला क्लब हसला तो तेवढाच एकदा.)

तर सप्टेंबर होता, ऑड्री हेक्समला बहिणीकडे गेली होती ती शनिवारी परतणार होती, आणि माझी पावलं बर्फ झाली होती. म्हटलं, तासभर लावू. कुणाला कळतंय?

रेडिएटरांचं पाणी तापवणारा बॉयलर उन्हाळाभर झोपला होता, तो उठायला तयार नव्हता. दाबाचा काटा पार तळाला. बॉयलरखाली एक वेटोळी नळी असते, तिचा कॉक फिरवला की नळाचं पाणी आत जातं आणि दाब चढतो, एवढी विद्या मला येत होती. कॉक फिरवला. फुस्स आवाज झाला, काटा वर आला. मग कॉक उलटा फिरवला, आवाज थांबला. आवाज थांबला म्हणजे पाणी थांबलं, असं मी धरून चाललो. (नगरपालिकेच्या तक्रार विभागात माझी सगळी नोकरी याच तत्त्वावर झाली.)

रेडिएटर तापले. मी चहा केला, बिस्किटं घेतली, पावलं रेडिएटरवर टेकवली आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा काटा लाल पट्ट्यात शिरला होता.

घाबरलो, पण डगमगलो नाही. रेडिएटरच्या कडेला एक स्क्रू असतो, तो सैल केला की पाणी निघतं आणि दाब उतरतो. तो मी सैल केला. पाणी निघालं. ते शाईसारखं काळं असतं आणि लांबवर उडतं, हे मला तेव्हाच कळलं आणि ऑड्रीच्या फिक्या गालिच्यालाही. काटा उतरला. मी गालिचा पुसेपर्यंत पुन्हा चढला. पुन्हा उतरवला, पुन्हा चढला. शेवटी लाल पट्ट्याच्या टोकाशी जाऊन तो थबकला आणि तिथून हलेना. मी म्हटलं, चला, आला एकदाचा ताळ्यावर. आणि उरलेली बिस्किटं संपवली.

तो ताळ्यावर वगैरे आला नव्हता. दाब हाताबाहेर गेला की जादा पाणी बाहेर टाकायला बॉयलरची एक तांब्याची नळी भिंतीतून आरपार जाते. ती पलीकडे नेमकी कुठे उघडते, हे घर घेतल्यापासून मी कधी जाऊन पाहिलं नव्हतं. पलीकडे विल्फचा वाफा होता.

विल्फ म्हणजे आमचा शेजारी. जुना खाणकामगार, बायको आयव्ही जाऊन दोन वर्षं झालेली. त्याच्या वाफ्यात लीक होते. लीक म्हणजे तालमीत जाऊन आलेली कांद्याची पातच. ती मांडीएवढी करून शनिवारी क्लबाच्या प्रदर्शनात मांडायची, याच्यासाठी इथली माणसं वर्षभर जगतात. लोक एकमेकांच्या वाफ्यात सुरी घेऊन शिरल्याच्या गोष्टी इथे घरोघरी सांगतात. विल्फचं वाण तर आयव्हीने राखलेलं. भिंतीकडचे दोन सर्वांत मोठे लीक तेवढे त्या वाणाचे उरले होते, बाकीचे विकतच्या रोपांचे; ते दोन प्रदर्शनात दाखवून झाले की तो त्यांचंच बी धरणार होता.

संध्याकाळी त्याने कुंपणावरून हाक मारली.

"नॉर्मन, इकडे ये पोरा. माझा घात झालाय." (मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे.)

भिंतीकडचे दोन्ही लीक आडवे पडले होते. पात लिबलिबीत, बुडखे हिरवट मऊ. शिजलेले होते, दुसरा शब्द नाही. मी मान वर केली. खांद्याच्या उंचीवर माझ्याच भिंतीतून तांब्याची नळी डोकावत होती आणि तिच्यातून वाफाळतं पाणी ठिबकत होतं.

मी काय करावं? मी पटकन जाऊन नळीला पाठ लावून उभा राहिलो.

"गरम पाणी ओतलंय रे कुणीतरी," विल्फ म्हणाला. त्याचा चष्मा बागेतल्या शेडमध्ये होता, ही देवाची कृपा. "आणि कुणी ते मला ठाऊक आहे. दुपारी झोपेतून उठलो तेव्हा मॅटी इथून निघून चालला होता. हातात थर्मास होता त्याच्या!"

"चहा असेल हो," मी म्हणालो. पाणी माझ्या कॉलरमधून कमरेकडे निघालं होतं.

"चाळीस वर्षांचा दोस्त माझा! खाणीत एका डब्यात जेवलो आम्ही. तू असा नाचतोयस काय?"

"तुमचं दुःख बघवत नाही, विल्फ."

त्याचे डोळे भरून आले. "तू एकटाच माझा," तो म्हणाला. "उद्या कमिटीपुढे तूच बोल माझ्या वतीने. मॅटीला क्लबातून काढायचं म्हणजे काढायचं."

मी घरी येऊन बॉयलरखालचा कॉक हाताने चाचपला. तो आणखी एवढासा फिरला. एवढासाच. मग मी रेडिएटरचं पाणी बादलीत काढलं, आणि काटा जागेवर येऊन शहाण्यासारखा उभा राहिला. माझी मात्र मान वर होईना. कबूल करायचं तर लीक मारल्याचं कबूल करायचं, आणि त्याहून वाईट म्हणजे हीटिंग लावल्याचं. ते दुसरं माझ्या मनात पहिल्याच्या आधी आलं, याची मला आजही लाज वाटते.

शुक्रवारी कमिटी बसली. मॅटी कोपऱ्यात टोपी मुरगाळत बसला होता.

"मी त्या लीकना हात लावीन?" तो म्हणाला. "आयव्हीच्या लीकना?"

"थर्मास दाखव की मग!" विल्फ ओरडला. "बोल, नॉर्मन!"

मी उभा राहिलो. मॅटी माझ्याकडे बघत होता. त्या बघण्यात राग असता तर मी निभावून नेलं असतं. तो नुसता म्हातारा दिसत होता.

"ते मी केलं," मी म्हणालो. "म्हणजे माझ्या बॉयलरने. दाब वाढला, आणि नळी तिकडे... कॉक नीट बंद झाला नव्हता."

मग अध्यक्षांनी पाइप तोंडातून काढला.

"बॉयलर? म्हणजे हीटिंग?"

"हो."

"सप्टेंबरात?"

"थोडंसंच," मी म्हणालो.

मागून कुणीतरी 'अरे देवा' म्हणालं. लीक मारल्याबद्दल अजून कुणी चकार शब्द काढला नव्हता. विल्फ मात्र खाली बसला.

"आयव्हीचे होते रे ते, पोरा," तो हळूच म्हणाला. "आता बी कशाचं धरू?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. क्लबाची फरशी पक्की निघाली.

मॅटी उठला. "माझ्याकडे आहे ते वाण," तो म्हणाला. "आजारी पडायच्या आधी आयव्हीने मला रोपं दिली होती. 'विल्फचं काही खरं नाही, तू जप' म्हणाली होती. मागच्या वाफ्यात आहेत. चल, दाखवतो."

"थर्मासमध्ये काय होतं मग?" विल्फने विचारलं.

"चहा, गाढवा. तुझ्यासाठीच आणला होता. तू शेडमध्ये घोरत होतास."

दोघे म्हातारे दाराकडे निघाले. मी मॅटीची बाही धरली. "मॅटी, एक विनंती. ऑड्रीला काही..."

"माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही," मॅटी म्हणाला. मला भरून आलं. केवढं मोठं मन!

शनिवारी ऑड्री स्टेशनवरून थेट प्रदर्शनात आली. गालिच्यावरच्या डागावर मी खुर्ची ठेवली होती, घर बर्फासारखं गार करून ठेवलं होतं, अंगात दोन स्वेटर चढवले होते. विल्फने उरलेले लीक मांडले होते. तिसरा नंबर आला, आणि पहिल्या नंबरच्या मॅटीला तो मिठी मारत होता. माझा जीव भांड्यात पडला.

मॅटीने शब्द पाळला होता. तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. लिहिण्याबद्दल मी काही बोललोच नव्हतो.

लीकच्या टेबलाच्या बरोबर मध्यभागी, चांदीच्या ताटात, पिवळ्याधमक केळ्यांची एक फणी होती. तिच्यावर लाल फीत होती आणि कार्ड होतं: 'विशेष पारितोषिक. नॉर्मन हेडली. घरचं पीक, सप्टेंबर.'

ऑड्रीने चष्मा लावून ते कार्ड वाचलं. मग माझ्याकडे वळली.

"नॉर्मन," ती म्हणाली, "मी नसताना घरात केळी पिकण्याएवढी ऊब आली कुठून, सांगशील?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून विल्फ म्हणाला, "काही म्हणा वहिनी, पिकवलीत मात्र छान यानं."

आणि माझ्यामुळे क्लब दुसऱ्यांदा हसला. या वेळी विनोद मी केलाच नव्हता, मीच होतो.