सापाच्या भावना आणि सगुणा खार

मुलांनो, शाळा लवकर सुटल्यामुळे माझं ऱ्हस्व-दीर्घ कच्चं राहिलं. शब्दही मला साधेच येतात. तेवढं सांभाळून घ्या आणि ऐका.

सात समुद्रांपलीकडे एका जंगलात सगुणा नावाची खार राहायची. त्या जंगलात दर चार वर्षांनी निवडणूक व्हायची. कधी हत्ती निवडून यायचा, कधी गाढव. मधल्या काळात दोघं एकमेकांच्या नावानं शंख करायचे. सगुणाला त्यातलं फार कळत नसे. ती ओक नावाच्या जुन्या झाडाच्या शेंड्यावर बसून पहारा द्यायची. तिच्या आईनं तेच केलं होतं, आजीनंही.

पहाऱ्याच्या हाका दोन. आकाशात ससाणा दिसला की 'चिट्-चिट्'. मग सगळ्यांनी बिळात शिरायचं. गवतात साप दिसला की 'खर्रर'. मग सगळ्यांनी बिळाबाहेर पळायचं, कारण साप बिळातच घुसतो. तिथलं पोर चालायच्या आधी हे शिकायचं.

मग डॉक्टर घुबड मोठ्या विद्यापीठातून शिकून आले. तिकडे ते शाकाहारीही झाले होते, निदान सभेपुरते. त्यांनी सभा बोलावली.

"'खर्रर' ऐकून सापाला काय वाटत असेल, याचा कुणी विचार केलाय?"

खरंच कुणी केला नव्हता.

मागून रखमा ससीण म्हणाली, "मग सापालाच विचारू की, डॉक्टरसाहेब."

"बाई, त्याला विचारणं म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ चोळणं."

म्हणून सापाला कुणी विचारलं नाही. तो बाहेर उन्हात पसरला होता. त्याची काही तक्रार नव्हती.

ठराव असा झाला की, यापुढे सगळ्यांसाठी हाक एकच : 'कुणीतरी येतंय, स्वागत असो.' गाढवानं शेपटी उंचावून पाठिंबा दिला. हत्तीनं सोंड उडवून निषेध केला आणि तो जेवायला निघून गेला. जुनी हाक देईल त्याला ओक सोडावा लागेल, असंही ठरलं.

सगुणाच्या ओठावर एक प्रश्न आला होता. पण चारचौघांत तिची जीभ टाळूला चिकटायची. शिवाय ओक म्हणजे तिचं घर, आणि पोटही तिथंच भरायचं.

तो प्रश्न रखमानं विचारला. "सगुणाताई, हाक आली की पोरांना आत घेऊ की बाहेर काढू?"

"डॉक्टर म्हणतात, कळेल आपोआप."

"कशानं?"

"संवेदनशीलतेनं."

"ती कुठल्या झाडाला लागते गं?"

सगुणा पहाऱ्यासाठी शेंड्यावर निघून गेली.

थोड्याच दिवसांत गवत हललं. सापच होता. सगुणानं ठरावाप्रमाणे हाक दिली, "कुणीतरी येतंय, स्वागत असो." रखमानं आधी आकाशाकडे पाहिलं आणि तिन्ही पोरांना घेऊन ती बिळात शिरली. साप त्याच बिळाकडे वळला. घाई अशी त्याला नव्हतीच.

सगुणानं बुडाखालच्या ओककडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि आजीच्या आवाजात ओरडली, "खर्रर."

रखमा पोरांसकट मागच्या तोंडानं बाहेर पडली. साप रिकाम्या बिळात शिरला.

संध्याकाळी पुन्हा सभा. रखमा उभी राहिली. "साहेब, माझी तिन्ही पोरं जिवंत आहेत, ती हिच्यामुळे."

"पोरांचा मुद्दा भावनिक आहे," डॉक्टर म्हणाले, "आणि इथे विषय भावनांचा चालू आहे."

या वेळी सापालाही बोलावलं होतं. तो म्हणाला, "मला भूक लागली होती. बाकी काही नाही."

"बघा, किती खचलाय," डॉक्टर म्हणाले.

सगुणाचा ओक गेला. तिथं एक पोपट बसला. त्याचा आवाज फार गोड होता. हत्तीनं सगुणावरच्या अन्यायाबद्दल दणदणीत भाषण केलं आणि टाळ्या घेतल्या. ओक काही परत मिळाला नाही. सगुणा ओढ्याकाठच्या काटेरी झुडपात राहायला गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता झुडपाशी पंखांची फडफड झाली. डॉक्टर घुबड होते. सोबत त्यांची दोन पिल्लं. डॉक्टरांनी आधी चारी बाजूंना मान फिरवली.

"सगुणाताई, आमची ढोली जरा खालीच आहे. साप चढतो म्हणतात. पोरांना ती जुनी हाक तेवढी शिकवाल? फक्त कुठं बोलू नका."

सगुणाला पुष्कळ बोलता आलं असतं. पण ती लाजाळू होती, आणि पिल्लं डोळे मोठे करून तिच्याकडे बघत होती. तिनं त्यांना, आधीच शिकायला येऊन बसलेल्या रखमाच्या पोरांशेजारी बसवलं आणि हळू आवाजात पहिला धडा दिला.

"खर्रर म्हणजे बाहेर."

तात्पर्य : मुलांनो, सापाला साप म्हणणं असभ्यपणाचं आहे. म्हणून ते आपापल्या पोरांना घरीच, दार लावून शिकवावं.